शेजारचा बंड्या मिशनवर जाऊन आला (मॉर्मन मिशनरी पोरांचं रोजचं आयुष्य)

लीहायची_अवनी
नमस्कार मंडळी. मागे एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी नेमप्लेट लावून जोडीजोडीने फिरणारी ती अमेरिकन पोरं, म्हणजे मॉर्मन मिशनरी, पगारी असतात का. तेव्हाच लिहायचं मनात होतं, आज मुहूर्त लागला.

आम्ही युटामधे राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या खाली लीहाय म्हणून गाव आहे तिथे. आयटी कंपन्या आल्यामुळे आपली माणसं बरीच वाढलीत, पण आमच्या गल्लीत आम्ही सोडून जवळजवळ सगळे मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे. (२०१८ पासून त्यांच्या चर्चचं म्हणणं आहे की मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, म्हणजे द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. दर वेळी एवढं टंकत बसले तर धागा दिवाळीपर्यंत चालेल, तेव्हा राग मानू नये.)

तर आमच्या शेजारचा मुलगा, खरं नाव नको, बंड्या म्हणू. २०२२ मधे मिशनवर (म्हणजे धर्मप्रचाराला) गेला आणि २०२४ मधे परत आला. आधी पैशाचं सांगते, पगार शून्य, उलट घरचेच पैसे भरतात. इकडच्या मुलांना महिना ५०० डॉलर, २०२० च्या जुलैपर्यंत ४०० होते. पोरगं महागड्या टोकियोला जावो नाहीतर घानाला, घरच्यांचा आकडा तोच. बंड्या शाळेत असल्यापासून लोकांची लॉनं कापून आणि एका कार वॉशमधे राबून पैसे साठवत होता. मुलगे १८ पूर्ण झाले की जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी.

कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. डॉक्टर, दातांचा डॉक्टर, मुलाखती सगळं करून अर्ज पाठवायचा आणि वाट बघायची. पूर्वी पोस्टाने जाडजूड पाकीट यायचं, आता ऑनलाइन येतं, पण ते उघडायचा कार्यक्रम अजून तसाच असतो. आम्हालाही बोलावलं होतं. हॉल भरून माणसं, भिंतीवर जगाचा नकाशा, प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी एकेका देशावर चिकटवायची. मी इटलीवर लावली होती. बंड्याने फोनवर वाचायला सुरुवात केली, फिलिपिन्स, सेबू, भाषा सेबुआनो. आई आधी रडली मग सगळे ओरडले आणि मग निम्मी माणसं फोन काढून सेबुआनो म्हणजे काय ते शोधायला लागली 😀

मग पहिला थोडा काळ घरूनच ऑनलाइन ट्रेनिंग, नंतर प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमधे काही आठवडे भाषा आणि शिकवायचं कसं ते, की लगेच विमान. कोणी त्याला बंड्या म्हणणार नाही, एल्डर आणि आडनाव. १८ वर्षांच्या पोराला एल्डर!

रोजचा दिवस कसा असतो ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकर झालाय.

मिसळ_मास्तर
वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक बाळबोध शंका, चार चार बायका करतात तेच ना हे लोक?

लीहायची_अवनी
मास्तर, हा प्रश्न पहिल्या पाचात येणार हे माहीत होतं. चर्चने १८९० मधे जाहीर करून ते सोडलं. अजून करतात ते वेगळे फुटलेले पंथ, त्यांचा यांचा संबंध नाही. आमच्या गल्लीत एक नवरा एक बायको आणि सरासरी पाच मुलं (सरासरी माझी, शेंगदाणे वाटताना काढलेली).

आता दिवस. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ नाश्ता, मग आठपासून अभ्यास, आधी एकट्याने मग जोडीदाराबरोबर, वर भाषेचा वेगळा. मग जे बाहेर पडायचं ते रात्री नऊ साडेनऊपर्यंत. साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, पोहायचं नाही (समुद्राच्या काठावर दोन वर्षं राहून!), गाणी फक्त भक्तीची किंवा तशाच सुरातली, मुलींबरोबर डेटिंग अर्थातच नाही. फोन आहे पण कामासाठी. आठवड्यातून एक दिवस पी-डे, बहुतेक ठिकाणी सोमवार, त्या दिवशी कपडे धुणं, बाजार, केस कापणं आणि घरी फोन. हा फोन नवीन प्रकार आहे, २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन फक्त नाताळ आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला एक पत्र नाहीतर ईमेल. बंड्याच्या बापाने तशीच काढली दोन वर्षं.

सेबूला गेल्यावर त्याला पहिला झटका बसला तो न्हाणीघरात. शॉवर नाही, बादली आणि ताबो. ताबो म्हणजे आपला मगच हो, दांडीवाला. त्याने आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला आणि ती माऊली माझ्याकडे विचारायला आली की याने नक्की आंघोळ कशी करायची. मी आमच्या बाथरूममधली बादली आणून अंगणात प्रात्यक्षिक दिलं (कपड्यांनिशी).

आणि कपडे हाताने. पांढरे शर्ट, डोंगराळ वस्त्यांमधून जीपनी (तिकडची शेअर जीप) आणि ट्रायसिकलने (तिकडची रिक्षा) हिंडायचं, पावसाचा चिखल, घाम. कॉलर काळी झाली की साबणाची वडी घासून रात्रभर भिजत घालायचं आणि सकाळी ब्रश मारायचा, ब्रश जोरात मारला की कॉलरचं कापड फाटतं, मग खालची बाजू वर करून शिवून घ्यायची शिंप्याकडून. हे मला एक २० वर्षांचं अमेरिकन पोरगं आमच्या डायनिंग टेबलवर पोहे खात समजावून सांगत होतं.

नागोयाकर
छान विषय. जपानमधे ही जोडगोळी सायकलवर दिसते, हेल्मेट घालून, भर पावसात पण. आमच्या इथल्या चर्चमधे आठवड्याला एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो, एइकाइवा म्हणतात, माझी बायको सुरुवातीला त्यात जायची कारण बिल्डिंगमधल्या जपानी बायका जायच्या आणि तिला ओळखी हव्या होत्या. पोरं नम्र, जपानी आपल्यापेक्षा कितीतरी चांगली बोलतात. एका पोराला मी विचारलं होतं की दिवसात किती लोक दार उघडतात, तर म्हणाला दार उघडणं लांब राहिलं, इंटरकॉमवरच नको म्हणतात, पण इतकं गोड नको म्हणतात की त्याला आधीचे काही आठवडे कळतच नव्हतं नको म्हणतायत ते.

ठाण्याचा_वाघ
सगळं गोग्गोड चाललंय. शेवटी काम काय, धर्मांतरच ना? बादलीने आंघोळ केली म्हणून कौतुक करायचं का? गरीब देशात जायचं, गरीब माणसाला गाठायचं. आपल्याकडे असलं काही झालं तर इथलीच मंडळी काय लिहितील ते माहीत आहे.

लीहायची_अवनी
वाघोबा, काम तेच आहे, ते लपवत कोणीच नाही, नेमप्लेटवर चर्चचं नाव लिहिलेलं असतं. मी त्यांच्या चर्चमधे नाही आणि जाणारही नाही, घरी गणपती बसतो. बंड्यालाही मी सांगितलं की लोकांच्या दारात जाऊन तुमचा देव बदला म्हणणं मला पटत नाही, तर म्हणाला मला जे चांगलं वाटतं ते सांगितलं नाही तर मी स्वार्थी. यावर आमचं जमलं नाही, पोहे मात्र त्याने दुसऱ्यांदा घेतले.

गरीब देशच का याचं उत्तर अर्धं तुमचं बरोबर आहे, अर्धं नाही. जर्मनी, जपान, इंग्लंड, खुद्द अमेरिकेतली शहरं सगळीकडे पोरं पाठवतात, पण फिलिपिन्स, ब्राझील, आफ्रिका इथे लोक दार उघडतात म्हणून तिकडे जास्त वाढ होते. आणि आफ्रिकेचं म्हणाल तर १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना यांच्या चर्चमधे पौरोहित्यच मिळत नव्हतं, ते इथल्या तरुण पोरांना अवघड जातं कोणी दारात विचारलं की. विचारतात लोक.

काळी_मांजर_पांढरे_पाय
मुली पण जातात का? आमच्याकडे टेक्सासमधे दोघी आलेल्या, लांब स्कर्ट घातलेल्या, ऊन ४० च्या वर.

लीहायची_अवनी
जातात, सिस्टर म्हणतात त्यांना, १८ महिने. मुलांवर जसं दडपण असतं की गेलंच पाहिजे तसं मुलींवर नाही, ज्यांना वाटतं त्या जातात. २०१२ मधे मुलींचं वय २१ वरून १९ केलं आणि मग खूपच जायला लागल्या, मुलांचं तेव्हाच १९ चं १८ झालं. आणि स्कर्टचं म्हणाल तर २०१८ च्या डिसेंबरपासून पँट चालते, तुमच्याकडच्यांना बहुतेक आवडत असेल स्कर्ट.

आजोळची_सई
अवनी, मला एक कळत नाही, हे दोघं दोघं का असतात कायम? एकटा कधीच दिसत नाही.

लीहायची_अवनी
सई, बरं विचारलंस, कारण माझ्या मते मिशनचं सगळं सार त्यातच आहे, दारं आपटणं वगैरे लोक उगाच मोठं करतात.

नियम असा की जोडीदार कायम दिसेल आणि ऐकू येईल इतक्या जवळ पाहिजे. चोवीस तास. एकाच खोलीत झोपायचं (पलंग वेगळे), बाथरूम सोडली तर एकटं कुठेही नाही. आणि हा जोडीदार तू निवडत नाहीस, मिशनचा प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागाचा प्रमुख, ठरवतो. साधारण सहा सहा आठवड्यांनी ट्रान्सफर, कधी जोडी मोडते, कधी तीच पुढे चालू राहते. सुरुवातीच्या जोडीदाराला ट्रेनर म्हणतात.

बंड्याचा ट्रेनर मिंडानाओकडचा फिलिपिनो मुलगा. त्याला इंग्रजी बेताचं, याला सेबुआनो बेताचं, आणि खोलीत एकच स्टँडचा पंखा. बंड्या युटाचा, कोरड्या हवेतला, त्याला पंखा अंगावर पाहिजे रात्रभर, ट्रेनरला पंख्याने सर्दी होते. पंखा फिरता ठेवला तरी भांडण, कारण त्याच्या बाजूला किती सेकंद जातो. भांडायला भाषा नाही. म्हणजे दोघंही रागाने पंख्याकडे बोट दाखवणार आणि मग गुडघे टेकून एकत्र प्रार्थना करणार, कारण झोपायच्या आधी एकत्र प्रार्थना असतेच. शेवटी त्या मुलाने कुठूनतरी दोरी आणून पंख्याच्या मानेला बांधली, ठरावीक कोनाच्या पुढे वळूच नये अशी, आणि ती चालली. नंतर हे दोघं जिवलग झाले, अजून बोलतात. दारात उभं राहून "आयो!" ओरडायचं (तिकडे दार वाजवत नाहीत, कुंपणाशी उभं राहून हाक देतात) ते याने त्याच्याकडूनच उचललं.

खरा वाईट काळ तिसऱ्या जोडीदाराबरोबर. तो अमेरिकेतलाच, नियम माहीत, भाषा येते, पण सकाळी उठायचाच नाही. आणि इथे मेख आहे, तो उठला नाही तर तुलाही बाहेर पडता येत नाही, कारण एकटं जायचं नाही. बंड्या शर्ट टाय घालून, बूट घालून, पलंगावर बसून. दहा वाजले, अकरा वाजले. लोकांना भेटायला येतो सांगितलेलं असायचं, त्यांना फोन करून खोटी कारणं द्यायची. त्या काळात त्याने सगळी भांडी घासली, खिडकीच्या जाळ्या धुतल्या, मालकिणीकडून दाराच्या फटीतून विचारत विचारत अदोबो (तिकडचं मांसाचं कालवण) करायला शिकला. वर तक्रार करावी तर चहाडी, न करावी तर आपलंही मिशन वाया.

आणि त्या सगळ्या आठवड्यांतली ईमेलं माझ्याकडे आहेत, तो दर सोमवारी सगळ्यांना एकत्र पाठवायचा. इतकी आनंदी ईमेलं मी कधी वाचली नाहीत. सूर्यास्ताचे फोटो, डुक्कर भाजलेला फोटो, उद्गारचिन्हं. आईला काही पत्ता नाही, फोनवर पण नाही, कारण फोनवर बोलताना तो जोडीदार मागेच बसलेला असायचा. आता गल्लीतल्या दुसऱ्या कोणाच्या मुलाचं असं छान छान ईमेल आलं की बंड्याची आई फोन बाजूला ठेवून मला विचारते, खरं काय असेल गं?

मिसळ_मास्तर
म्हणजे न बघता लग्न, आणि वर माहेरी जायचं नाही 😂

लीहायची_अवनी
मास्तर 😂 आणि पुढचं ऐका, आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचं काय खटकतं ते शांतपणे सांगायचं असा अधिकृत कार्यक्रम असतो. मी नवऱ्याला म्हटलं आपण पण करू, तो गॅरेजमधे निघून गेला.

आजोळची_सई
त्या तिसऱ्या मुलाचं काय झालं मग? वाचून तो आळशी नाही वाटला मला, आजारी वाटला.

लीहायची_अवनी
बरोबर ओळखलंस. डिप्रेशन होतं. शेवटी बंड्याने प्रेसिडेंटला नाही, प्रेसिडेंटच्या बायकोला सांगितलं. (हे जोडपं असतं, तीन वर्षांसाठी येतं, ती बाई सगळ्या मिशनभरच्या पोरांच्या तब्येती बघते, डेंग्यूपासून कुजलेल्या नखांपर्यंत.) काउन्सेलिंग सुरू झालं, काही दिवसांनी तो मुलगा घरी गेला.

आणि इथे युटामधे लवकर परत आलेल्याचं जे होतं ते मला बघवत नाही. कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण दोन वर्षं पुरी करून येणाऱ्याला विमानतळावर फुगे, बॅनर, सगळं खानदान, आणि याला न्यायला फक्त आईबाप. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक मुलगा असा आलाय, तो रविवारी चर्चला जाताना मागच्या दाराने जातो असं त्याची आई म्हणाली. आता चर्चवाले सांगतात की असं करू नका, कौतुकाने घ्या, तरुण मंडळी जरा बदललीत पण, पण बायका विचारतातच, अगं हा इतक्यात कसा?

ठाण्याचा_वाघ
हे मात्र वाईट आहे. १८-१९ चं पोरगं.

जुनी_पानं
उशिरा आलो धाग्यावर. आपल्याशी संबंध म्हणून एक भर घालतो. या पंथाचे मिशनरी मुंबईत १८५२ मधेच आले होते. ह्यू फिंडले नावाचा गृहस्थ ब्रिटनहून आला, मग पुण्याला गेला. तिथे त्याने छोटी शाखा पण उभी केली, मुख्यतः युरोपियन मंडळींची. पण एकीकडे वर्तमानपत्रं तुटून पडली, दुसरीकडे प्रस्थापित पाद्री आणि लष्करी अधिकारी त्याला छावणीत पाय ठेवू देईनात. कलकत्त्याकडे पण त्यांची माणसं होती, १८५६ पर्यंत सगळं आवरलं. म्हणजे तुमच्या बंड्याला सेबूत निदान आयो ओरडल्यावर लोक बाहेर तरी आले.

हैदराबादी_कुलकर्णी
माझ्या टीममधे एक तेलुगू मुलगा आहे, त्याने भारतातच मिशन केलंय, बेंगळुरू मिशनमधून. हैदराबादला यांची बऱ्यापैकी वस्ती आहे, २०१२ मधे भारतातलं पहिलं स्टेक तिथे झालं (स्टेक म्हणजे अनेक मंडळ्या मिळून एक विभाग). त्याला मी विचारलं सगळ्यात अवघड काय, मला वाटलं लोकांच्या शिव्या वगैरे सांगेल, तर म्हणाला चहा! यांना चहा कॉफी वर्ज्य. आपल्याकडे कोणाच्याही घरी पाय ठेवला की पाच मिनिटांत कप समोर येतो, आणि नको म्हटलं की माणसाला वाटतं याने आपल्या घरचं नाकारलं. तो आधी बादाम मिल्क मागायचा, मग लक्षात आलं की गरीब घरात ते महाग पडतं, कोणीतरी दुकानात पळतं. शेवटी दारातूनच जोरात पाणी मागत आत शिरायचा, म्हणजे चहाच्या आधी पाणी येतं आणि तेवढ्यात सांगता येतं. ऑफिसात अजून तो चहाच्या ब्रेकला आमच्याबरोबर खाली येतो आणि बिस्किटं खातो, सगळी आमची.

काळी_मांजर_पांढरे_पाय
अवनी मदत हवीय. मी वर लिहिलं त्या दोघी परत आल्या, बिचाऱ्या उन्हाने लाल झालेल्या, मी सहज बोलून गेले की शनिवारी जेवायला या, तर डायरीत लिहून घेतलं की लगेच!! आता काय करू? नवरा म्हणतो तूच निस्तर.

लीहायची_अवनी
हाहा, जेवणाचं आमंत्रण ते कधीच विसरत नाहीत. घाबरू नकोस.

चहा कॉफी करू नकोस, लिंबू सरबत ठेव, पन्हं असेल तर उत्तमच. तिखट बेताचं, पण अगदी फिकं पण नको, पोरींना नवीन खायला आवडतं आणि घरी लिहायला विषय मिळतो. मांसाहार चालतो. त्या सिस्टर आहेत म्हणून प्रश्न नाही, पण मुलगे असते आणि तू एकटी घरी असतीस तर आत आलेच नसते, अंगणात उभे राहिले असते, तसा नियम आहे, त्यात अपमान मानायचा नाही. जेवण झाल्यावर त्या विचारतील की एक छोटा विचार सांगू का. ऐकायचा नसेल तर सरळ सांग की गप्पा मारायला कधीही या पण धर्म बदलायचा विचार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं त्यांना बरं वाटतं, नाहीतर उगाच आशेवर राहतात आणि दर आठवड्याला येतात. आणि काही जड सामान हलवायचं असेल, तण काढायचं असेल तर बेलाशक सांग, अशी कामं त्यांना मनापासून आवडतात, दिवसभर नकार ऐकल्यावर काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटतं असं बंड्या म्हणायचा.

घरच्यांबद्दल विचार मात्र. भावंडं किती, कुत्र्याचं नाव काय. ते कोणी विचारत नाही.

काळी_मांजर_पांढरे_पाय
काल येऊन गेल्या. पावभाजी केली होती, एकीने चार पाव खाल्ले, दुसरी बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोची, तिला बटाट्याचं असंही काही होतं यावर विश्वास बसेना, मसाल्याच्या डब्याचे फोटो काढून नेले. विचार सांगू का विचारलं तेव्हा नवऱ्याने सांगितलं तू म्हणालीस तसं, त्या हसल्या आणि म्हणाल्या ओके, मग गॅरेजमधलं जुनं कपाट चौघांनी मिळून बाहेर काढलं, तीन वर्षं पडलं होतं. जाताना एक जण दुसरीला हळूच म्हणाली की आज भांडी तू घासायचीस, मी दोन दिवस घासलीत. अवनी, पंखा आठवला गं.

मिसळ_मास्तर
कपाटाचं ऐकून आमच्याकडे पण बोलवावंसं वाटतंय. डोंबिवलीला येतात का?